उताणे निजणे

पाठ टेकून आढ्याकडे पाहणे ही देहाची अगदी पहिली विद्या. तान्हे मूल ती शिकायला कोणाकडे जात नाही. रफूकाकूंकडून मात्र ही विद्या हळूहळू, कोणाच्या ध्यानात न येता काढून घेतली गेली होती. आधी कंबर ताठली, मग पाठ, शेवटी मान. एकेक मणका शेजारच्याला असा जडत गेला की सगळ्या पृष्ठवंशाचा मिळून एकच अखंड दांडा झाला, आणि तोही धनुष्यासारखा पुढे वाकलेला. हनुवटी छातीपाशी आली ती तिथेच स्थिरावली. चालताना त्यांना पुढची हातभर जमीन दिसे, आणि निजताना त्या एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, बंद केलेल्या चाकूसारख्या पडून राहत.

गल्ली त्यांना रफूकाकू म्हणे, कारण फाटलेल्या कापडाला त्या असे सांधत की सांधा शोधून सापडू नये. सिगारेटने जळलेला कोट, खिळ्याला अडकून उसवलेली विजार, उंदराने कुरतडलेली शाल, असे सारे जखमी त्यांच्या मांडीवर येऊन पडत. त्या कापडाच्याच दडवलेल्या शिवणीतून धागा काढायचा आणि तोच भोकाच्या जागी उभा-आडवा विणत न्यायचा. लोक म्हणत, काम करून करून बाई वाकल्या. पुढे एका वैद्याने जेव्हा सांगितले की हा कामाचा दोष नव्हे, हा मणक्यांचा संधिवात आहे आणि तो सांधे एकमेकांना जोडून टाकतो, तेव्हा काकू एवढेच म्हणाल्या, "म्हणजे आतूनही कोणीतरी रफू करतंय. भोक नव्हतं तिथे."

या व्याधीची एक खोड अशी, की ती मुक्कामाला पाठीत असली तरी अधूनमधून डोळ्यात जाऊन येते. डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सोसत नाही. आणि प्रत्येक खेपेला आत काहीतरी चिकटवून, काहीतरी गढूळ करून ती परतते. अशा अनेक खेपांनंतर उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. दुसऱ्या एका रुग्णालयात तो काढायला घेतला, आणि शस्त्रक्रिया चालू असतानाच भिंगाभोवतीची पातळ पिशवी फाटून तो डोळा कायमचा गेला. तिथल्या वयोवृद्ध डॉक्टरांनी खेदाने म्हटले होते, "बाई, तुम्ही आतून जोर केलात." ते वाक्य काकूंनी त्यांना कधी माफ केले नाही.

आता डावा डोळाही दुधाळला होता. सुई हाताला कळे, पण धाग्याचा रंग कळेनासा झाला होता. म्हणून त्या आपल्या नणंदेचा हात धरून या नव्या डॉक्टरबाईंपुढे आल्या होत्या. दोघी विधवा, एकाच घरात, एका चुलीवर, अखंड भांडत आणि एकमेकींवाचून एक दिवसही न राहता जगत होत्या.

डॉक्टरबाईंनी तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगितली तशा नणंदबाई फिस्सकन हसल्या. "तिची हनुवटी तिच्याच छातीवर चिकटलीय हो. सोडवून द्या, मग हवी तिथे टेकवेल."

"वन्सं, गप्प बसा जरा."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी यंत्र उंच केले, काकूंना उभे करून पुढे झुकवले, आणि स्वतः अवघडून, जवळजवळ गुडघ्यांवर बसून त्या डोळ्यात पाहू लागल्या.

"मोतीबिंदू चांगलाच पिकलाय," त्या अखेर म्हणाल्या. "बाहुली आकसून मागच्या भिंगाला चिकटली आहे. ती आधी सोडवायची, मग बारीक आकड्यांनी ताणून उघडी धरायची. हे सगळं जमण्यासारखं आहे. अडचण डोळ्यात नाही, काकू. अडचण तो डोळा माझ्यासमोर आणण्यात आहे. माझा सूक्ष्मदर्शक वरून खाली बघतो, आणि तुमचा डोळाही खालीच बघतो."

"मग भूल द्या की पूर्ण," नणंदबाई म्हणाल्या. "एकदा झोपली की करा हवी तशी आडवीतिडवी."

"पूर्ण भूल दिली तर श्वासाची नळी घशात घालावी लागते. त्यासाठी मान मागे वळवावी लागते. ही मान वळत नाही, आणि बळ केलं तर मोडेल. झोप लागली आणि नळी गेली नाही, तर श्वासच थांबेल. म्हणून काकू जाग्या राहतील. डोळा फक्त थेंबांनी बधिर करू."

काकूंनी विचारले, "आणि नाही जमलं तर?"

"खोटं सांगू का खरं?"

"खोटं ऐकायला वन्सं घरी आहेत."

डॉक्टरबाईंनी हातातली बारीक बॅटरी बाजूला ठेवली. "डोळा उघडल्यावर मागून दाब आला, आतलं सगळं पुढे येऊ लागलं, तर मला काम अर्धं टाकून डोळा मिटून घ्यावा लागेल. पिशवी फाटायच्या आत. आणि एकदा तसं झालं, तर तो पुन्हा उघडायचं धाडस मी करीन असं वाटत नाही. दुसरा डोळा शिल्लक नाही."

"मी हलणार नाही," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजाला धार आली. "मागच्या वेळीही हलले नव्हते. ते म्हणाले मी जोर केला. साफ खोटं. दगडासारखी पडून होते मी."

डॉक्टरबाईंनी फक्त एवढे ठरवले की आधी एक तालीम करायची, शस्त्राशिवाय.

तालमीला भूल देणारे डॉक्टरही होते. डोक्यावरचे केस गेलेले, बोलण्यात मिस्किल, पण हाताने अतिशय सावध असे गृहस्थ. त्यांनी टेबलाचे पायाकडचे टोक वर उचलायला लावले आणि डोक्याकडचे खाली उतरवले. त्या उतारावर काकूंना अलगद मागे कलते केले, तेव्हा त्यांचा वाकलेला देह डोलखुर्चीच्या वाकड्या लाकडासारखा मागे झुकला. पाय वर गेले, डोके खाली आले, आणि कैक वर्षांनी त्यांचे मुख छताकडे झाले. मानेखाली बोटभरही पोकळी राहता कामा नये, अशी भूलडॉक्टरांची सक्त ताकीद होती. अधांतरी राहिलेली ताठ मान काचेसारखी असते. चादरींच्या वळकट्या, उशा, घड्या केलेले टॉवेल, जे मिळेल ते त्यांच्या खाली ठासून भरले गेले.

"वहिनी," नणंदबाई कौतुकाने म्हणाल्या, "उलटी पडलेली कासवीण दिसतेस बघ."

"तुम्ही सुलटी करायला आहात म्हणून पडले."

भूलडॉक्टरांनी स्टेथोस्कोपची नळी छातीला लावली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "अहो, तुमची छाती हलतच नाही."

"बरगड्याही सांधल्यात. श्वास पोटानं घेते मी."

"उत्तम. मग पोटावर कशाचाही भार नको. गुडघ्यांखाली उशा, वर सैल चादर." ते नणंदबाईंकडे वळले. "आणि तुम्ही आत येणार. हात धरून उभ्या राहायचं. काम एकच. यांना अगदीच सोसवेना झालं तर या तुमचा हात दोनदा दाबतील, तुम्ही लगेच मोठ्यानं सांगायचं 'थांबा', की डॉक्टरबाई हत्यारं बाहेर काढतील."

"आणि काकू, तुम्ही बोलायचं नाही," डॉक्टरबाईंनी जोडले. "ओठ हलले की हनुवटी हलते, आणि तुमची हनुवटी हलली की अख्खं डोकं हलतं. मधे मान म्हणून काही उरलेलंच नाही."

"म्हणजे मी हात धरायचा आणि हिनं गप्प राहायचं," नणंदबाई म्हणाल्या. "उलटं झालं असतं तर मेलेच असते."

काकूंनी मनाशी पक्के केले की हात दाबायची वेळ येऊ द्यायची नाही. कण्यातून कळा आल्या, पाय बधिर झाले, काही झाले तरी. दगड व्हायचे, मागच्यापेक्षाही कठीण दगड.

शस्त्रक्रियेच्या सकाळी त्यांच्या चेहऱ्यावर हिरवे कापड आले आणि जग नाहीसे झाले. उरले फक्त एक भोक आणि त्यातून येणारा प्रकाश, दुधात बुडवलेल्या दिव्यासारखा, काठ नसलेला. नाकाशी प्राणवायूची बारीक झुळूक होती. बोटावर चिमटा बसला आणि कुठेतरी त्यांच्या हृदयाचे ठोके एका टिकटिकीत मोजले जाऊ लागले. डाव्या हातात नणंदेचा पंजा होता; रबरी मोजा असूनही तो त्यांना ओळखता आला असता.

"थेंब घालतेय. गार लागेल," डॉक्टरबाईंचा आवाज वरून आला. त्या उभ्याने काम करणार होत्या. टेबल तिरके, तिथे बसायला जागाच नव्हती. "आता पापण्या उघड्या धरणारा चिमटा. ताण जाणवेल. ... छान. आता नुसता प्रकाशाकडे बघा."

मग त्या गप्प झाल्या.

काकू ऐकत राहिल्या. दिसणे नसले की कानाला डोळे फुटतात. धातूच्या तबकात काहीतरी अलगद ठेवल्याचा आवाज. कापडाची सळसळ. डॉक्टरबाईंच्या पावलांचे एकदाच सरकणे. प्रकाशात एक पातळ सावली आली, थबकली, आत गेली. दुखले नाही. फक्त स्पर्शाची एक कल्पना.

त्या शांततेची जात काकूंना ठाऊक होती. ती घाबरलेल्या माणसाची शांतता नव्हती. बारीक काम करणाऱ्या हाताची ती शांतता होती. कोणीतरी अगदी शेजारी, श्वासाच्या अंतरावर, धाग्याखालून धागा नेत होते.

"बाहुली सुटली," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांचा स्वर बदलला. "थांबा. पुढची जागा उथळ होतेय. मागून दाब येतोय."

"किती?" भूलडॉक्टरांनी विचारले.

"बुबुळ छेदातून बाहेर यायला बघतंय. डोकं थोडं वर घेता येईल?"

टेबलाखाली काहीतरी घरघरले. काकूंचे सारे शरीर एका बाजूने किंचित उचलल्यासारखे झाले. नणंदेचा पंजा आवळला.

"आता ठीक आहे. उतरला." थोडा वेळ गेला. "आकडे लावते."

पुन्हा ती शांतता. एक आकडा, मग काही क्षण, मग दुसरा. प्रकाशाचा आकार बदलला, जणू कोणी खिडकीचे दार कोपऱ्यातून ओढले. तिसऱ्या आकड्याच्या वेळी डॉक्टरबाईंचा श्वास नाकात अडल्याचा आवाज आला आणि त्या कुजबुजल्या, "पुन्हा. पुन्हा आला दाब."

"पोटावर काही नाही," भूलडॉक्टर म्हणाले. ते चादरी चाचपत होते. "मूत्राशय रिकामं आहे. पापण्यांचा चिमटा सैल आहे. खोकला नाही. ऑक्सिजन उत्तम. ठोके थोडे जलद, बस्स. काही दुखत असतं तर यांनी हात दाबला असता."

"मग येतोय कुठून?"

टेबल पुन्हा घरघरले, पुन्हा थोडे वर आले. आता डॉक्टरबाईंना अधिकच वाकावे लागत असणार. त्यांचा आवाज जवळून आणि अवघडलेला येत होता. "याहून वर घेतलंत तर मला डोळाच दिसणार नाही."

"मग मिटून घेणार?"

"आणखी एकदा बघते. आता पिशवीचा पुढचा पडदा गोल फाडायचा आहे. त्या वेळी दाब आला, तर पडदा फाटत कडेपर्यंत जाईल. मग मात्र मिटावंच लागेल."

काकूंनी स्वतःला बजावले: हलू नकोस. दगड हो. आणि त्या बजावण्यातच त्यांना काहीतरी खटकले. आपण दगड होतो म्हणजे नेमके काय करतो?

शेवटचा धागा ओलांडताना, सुईचे टोक जुन्या विणीच्या एकाच तंतूखालून काढताना, रफू करणारे कोणतेही माणूस जे करते तेच. गळा मिटतो. पोट ताठ होते. जोवर धागा पार होत नाही तोवर देहातले सारे काही थांबते. हे काकूंना कोणी शिकवले नव्हते आणि त्यांनी कधी ठरवून केले नव्हते. हजारो कोटांवर, शालींवर ते आपोआप घडत आले होते. कामाची शांतता सुरू झाली की श्वास आपण होऊन उंबऱ्याबाहेर थांबे.

वर ती शांतता पुन्हा पसरली. काकूंनी या खेपेला डॉक्टरबाईंच्या हाताकडे लक्ष दिले नाही. त्यांनी स्वतःच्या गळ्याकडे लक्ष दिले. तो मिटलेला होता. पोट लाकडासारखे कठीण झाले होते.

"येतोय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

काकूंनी मोठ्या प्रयासाने गळा सोडला. पोट सैल पडले.

"गेला. ... हे काय चाललंय?"

काय चालले होते ते त्या खोलीत एकाच व्यक्तीला कळले होते, आणि तिला बोलायची बंदी होती. दुसऱ्याच्या हातातले काम त्या आपल्याच हातात असल्यासारख्या श्वास धरून करीत होत्या. छाती हलत नव्हती, ती कधीच हलत नसे. पोट चादरीखाली होते. प्राणवायू नाकाशी होता म्हणून यंत्रही काही बोलत नव्हते. तो दाब त्यांच्याच पोटातून निघून कण्यावाटे, मानेवाटे वर चढत होता आणि अखेर डोळ्याला मागून ढकलत होता. 'बाई, तुम्ही आतून जोर केलात.' ते वाक्य त्यांना ऐकू आले, आणि पायाखाली जमीन नसतानाही ती सरकल्यासारखे वाटले. त्या वृद्ध माणसाने खरे तेच सांगितले होते. दगडासारख्या पडल्या होत्या म्हणूनच तो डोळा गेला होता.

पण शोक करायला आता सवड नव्हती. त्या स्वतःशी म्हणाल्या, श्वास घेत राहा म्हणजे झाले. वरची सावली पुन्हा आत आली, आणि त्यांचे मन नकळत तिच्या मागे गेले, आणि गळा पुन्हा मिटला. त्यांनी तो हिसक्याने उघडला. पुन्हा मिटला. जन्मभराची सवय घटकाभराच्या हुकमाला जुमानेना.

हात दाबावा, तर डॉक्टरबाईंना वाटेल सोसवत नाही, आणि त्या मिटून घेतील. न दाबावा, तर पडदा फाटेल. जी एक गोष्ट न करण्याची काकूंनी शपथ घेतली होती, तीच एक वाट उरली होती.

त्यांनी नणंदेचा हात दाबला. एकदा. आणि पुन्हा.

"थांबा!" नणंदबाई किंचाळल्या. "थांबा, थांबा, ती दाबतेय!"

सावली मागे सरली. तबकात धातू वाजला. "बाहेर काढलं सगळं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अतिशय दमलेला होता. "काकू, बस झालं का? खरं सांगा. मिटून घेऊ?"

"नको." कापडाखालून आलेला स्वतःचा आवाज काकूंना परका वाटला. "मिटू नका. तो दाब मीच देतेय. श्वास धरतेय मी. तुमच्याबरोबर."

"माझ्याबरोबर?"

"तुम्ही गप्प झालात की मला कळतं, आता नाजूक टाका आहे. मग माझा श्वास थांबतो. रफू करताना असाच थांबतो. मी करत नाही हो, तो होतो. आत्ता कळलं मला."

मग चादरीखालून एक मोठा, उबदार तळवा काकूंच्या पोटावर येऊन विसावला.

"कमाल आहे," भूलडॉक्टर म्हणाले. "आम्ही छातीकडे बघत बसलो. जी हलतच नाही तिच्याकडे. काकू, आता हा हात इथून हलणार नाही. श्वास थांबला की मला कळेल, आणि मी म्हणेन 'सोडा'. तुम्ही फक्त सोडायचा."

"पण तो थांबणारच, डॉक्टर. शांतता झाली की थांबतो. डॉक्टरबाई, तुम्ही बोलत राहा ना."

डॉक्टरबाईंनी प्रांजळपणे सांगितले, "मला बोलत काम करता येत नाही, काकू. हात चुकतो."

"मी बोलते की!" नणंदबाई म्हणाल्या. "आयुष्यभर हिच्याकडून 'गप्प बसा' ऐकून घेतलं. आज तरी उपयोग होऊ दे."

"हसवायचं नाही," भूलडॉक्टरांनी बजावले. "रडवायचं नाही. रागही आणायचा नाही. अगदी रटाळ बोला."

"रटाळ?" नणंदबाई गोंधळल्या. त्यांच्याकडे ही एकच गोष्ट कधी मागितली गेली नव्हती. मग घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली. "बरं. आपल्या घरातलं मोठं कपाट. वरचा कप्पा. डावीकडे जाड पांघरुणं. त्यांच्या मागे ती गळकी किटली, जी तू टाकू देत नाहीस. तिच्या शेजारी रिकाम्या बरण्या, झाकणं वेगळीकडे..."

"सुरू करते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सावली आत आली. काकूंचे मन तिच्याकडे धावले, तोच नणंदेने बरण्यांची झाकणे कुठे ठेवली आहेत ते सांगितले, आणि ते चूक होते. झाकणे तिथे नव्हती, खिडकीखालच्या डब्यात होती. काकूंचे मन तिकडे वळले. पोटावरचा तळवा उठत-बसत राहिला.

"सोडा," भूलडॉक्टर एकदा म्हणाले. काकूंनी सोडला.

"दुसरा कप्पा. धाग्यांच्या रिळांचा खोका. काळी वेगळी, राखाडी वेगळी, त्यातही तुझ्या त्या सतरा छटांच्या राखाडी, मला सगळ्या सारख्याच दिसतात..."

"पडदा गोल निघाला," डॉक्टरबाई कुजबुजल्या. "अखंड. दाब नाही. आता मोतीबिंदू फोडते."

यंत्राचा गुणगुणाट सुरू झाला. तो चढे, उतरे, पाण्याची खळखळ होई. नणंदबाई तिसऱ्या कप्प्यात उतरल्या होत्या. त्यातल्या चादरी त्या एकेक घडी उलगडून सांगत होत्या, कुठली कुठे विरली आहे ते. काकूंचे पाय आता त्यांचे उरले नव्हते, आणि कमरेतून एक बारीक कळ सारखी वर येत होती. पण कळ श्वास अडवीत नाही. श्वास फक्त कलाकुसरच अडवते, हे त्यांना त्या उताणेपणात कळून चुकले होते.

"शेवटचा तुकडा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पिशवीला टेकलाय. सावकाश."

यंत्र थांबले. आणि त्याच क्षणी नणंदबाईही थांबल्या. भिंतीवरच्या पडद्यावर त्यांच्या वहिनीचा डोळा ताटाएवढा मोठा दिसत होता, आणि त्यात एक टोक इतके हळू सरकत होते की कपाट, कप्पे, चादरी सगळे त्यांच्या जिभेवरून पुसले गेले.

खोलीत ती परिपूर्ण शांतता पसरली. काकूंचा गळा मिटला.

"सोडा," तळवा म्हणाला. "काकू, सोडा. वन्सं, बोला!" भूलडॉक्टरांनी घाईत काकूंचीच हाक उचलली होती.

"खालचा कप्पा!" नणंदबाई ओरडल्या. "खालच्या कप्प्यात काहीच नाही! रिकामा आहे! झुरळं आहेत!"

काकूंनी श्वास सोडला. तो सारा, खोलवरून, पाठीच्या त्या अखंड दांड्याच्या टोकापासून.

"आला तुकडा," डॉक्टरबाई म्हणाल्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, आणि नणंदबाई झुरळांविषयी बोलत राहिल्या. मग: "पिशवी शाबूत. भिंग बसवते." आणि त्यानंतर, जणू दूरवरून: "बसलं. झालं, काकू. झालं."

डोळ्यावर पट्टी बांधून काकूंना अलगद कुशीवर केले. त्यांनी गुडघे पोटाशी घेतले आणि पहिली गोष्ट विचारली ती त्या जुन्या डॉक्टरांविषयी. ते आहेत का अजून?

"निवृत्त झालेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण आहेत. आमचे गुरूच ते. आजही तो डोळा आठवला की अस्वस्थ होतात."

"त्यांना सांगा, त्यांचं खरं होतं म्हणावं. आणि हेही सांगा की बाईला ठाऊक नव्हतं."

"सांगते. दोन्ही सांगते."

दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर पट्टी काढायची होती. नणंदबाई सकाळपासून येरझारा घालीत होत्या. डॉक्टरबाईंनी काकूंना खुर्चीवर बसवले, चिकटपट्टी कडेने सोडवली, ओल्या बोळ्याने पापणी पुसली. "हळूच उघडा. अजून डोळा सुजलेला आहे. फार अपेक्षा करू नका. आत जुनी सूज पुन्हा येऊ शकते, महिनोन् महिने थेंब घालावे लागतील."

काकूंनी पापणी उघडली. मान वर होणारच नव्हती. डोळ्यापुढे आली ती त्यांच्या वाट्याची नेहमीची जमीन. पण ती आता धुक्यातली नव्हती. पांढऱ्या फरशीत करड्या रंगाचे ठिपके होते, आणि प्रत्येक ठिपका काठांसकट वेगळा दिसत होता. पलीकडे एक भेग फरशीच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. त्या भेगेपाशी दोन पावले उभी होती.

त्या पावलांकडे त्या पाहत राहिल्या. घोटे फुगून चपलेच्या पट्ट्यांवर आले होते. कातडी ताणून चकाकत होती, आणि पट्टा जिथे रुतला होता तिथे खोल, जांभळी खूण पडली होती. एका दिवसात असे होत नाही. हे फार दिवसांचे होते.

"दिसतंय का?" डॉक्टरबाईंनी विचारले. आणि वरून, अधीर झालेल्या नणंदेचा आवाज आला, "अगं बोल की! मी दिसते का?"

"वन्सं," काकू म्हणाल्या, "हे पाय कधीपासून सुजलेत?"

पावले झटक्यात मागे सरली. "कुठे सुजलेत? काल उभी होते ना, म्हणून."

"खोटं बोलू नका. पट्ट्याची खूण जुनी आहे. मला दिसत नव्हतं म्हणून लपवलंत?"

"आली हिला नजर," नणंदबाई डॉक्टरबाईंना म्हणाल्या, पण त्यांचा आवाज ओला होऊन फाटला. "आता जन्मभर कटकट."

"बसा आधी. डॉक्टरबाई, त्यांना खुर्ची द्या. आणि ते टक्कलवाले डॉक्टर कुठे आहेत? त्यांना बोलवा, हे पाय बघायला सांगा."

नणंदबाई काहीतरी पुटपुटत खुर्चीत टेकल्या. डॉक्टरबाई वाकल्या, आणि त्या सुजलेल्या घोट्यावर त्यांनी अंगठा दाबून धरला. उचलला तेव्हा तिथे एक खळगा राहिला. तो सावकाश भरून येताना रफूकाकूंनी पाहिला.

"उजव्या पायाला जास्त आहे," त्या म्हणाल्या.

"हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उजव्यालाच जास्त आहे."